राक्षसाची राख आणि बायजाबाईचे पाय

लोखंड म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं नाही, असं मी चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. कोल्हापुरात ओतकामाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन बाहेर पडलो. भट्टीच्या झळेनं माझ्या भुवया चार वेळा जळल्यात. त्यामुळं गेल्या फेब्रुवारीत झाडीपट्टीत सत्तरी उलटलेल्या एका ठेंगण्या बाईनं मला लोखंड शिकवलं, हे लिहिताना जरा जड जातंय. पण लिहितो. आपल्याकडच्या लोकांना चंद्रपूर म्हटलं की वाघ आठवतो, गडचिरोली म्हटलं की नुसतं जंगल. तिथल्या माणसांनी काय राखून ठेवलंय, ते कुणी सांगत नाही.

बोलावणं शकूरचं होतं. हा शकूर तरुणपणी आमच्या कारखान्यात काम शिकायला आला होता. तीन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहिला आणि माझ्या आईच्या हातचं जेवून गेला. आता मूल गावात त्याचं लेथ आणि वेल्डिंगचं दुकान आहे. अधूनमधून फोन करतो. त्या दिवशी एकदम म्हणाला, "मगदूम, दगडाचं लोखंड होताना पाहाचं हाये काय? पाहाचं असन तं लवकर ये. रविवारपर्यंतच टाइम हाये."

मी म्हटलं, त्यात काय बघायचं, चाळीस वर्षं तेच बघतोय. तो हसला फक्त. मी तिकीट काढलं.

मूल

मूल म्हणजे धानाचं गाव. भाताला तिकडं धान म्हणतात. जिकडं बघाल तिकडं भाताच्या गिरण्या, आणि गिरण्यांचे रोलर झिजले की सगळे शकूरच्या दारात. दुपारी त्याच्या घरी झुबेदाभाभींनी झिंगे-वांगं केलं होतं. झिंगे म्हणजे तळ्यातली सुकवलेली बारीक कोळंबी. मी ताटात दोनदा बघितलं, इकडं तिकडं बघितलं, शेवटी विचारलं, "भाकरी?"

"इथी भात संपला का भात वाढतेत," शकूर म्हणाला.

सहा दिवस मी भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी भाकरी स्वप्नात आली, पाचव्या दिवशी विसरलो. झिंगे-वांगं मात्र असं होतं की आपल्या तांबड्या रश्श्याला त्यानं खाली बसवलं असतं. हे कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

जेवताना शकूरनं सगळं प्रकरण सांगितलं. पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलाच्या कडेला एक गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण सोन्याच्या हंड्यासाठी खणणारे दीडशहाणे आपल्याकडं कमी नाहीत. त्या गावाबाहेर मोठ्या दगडांची रिंगणं आहेत आणि शेजारी काळ्या, जड खड्यांचा एक ढीग आहे, चांगला दोन पुरुष उंच. गाव त्याला राक्षसाची राख म्हणतं. गावात देवाजीभाऊ नावाचे गोंड लोहार आहेत. ते म्हणतात, ही राख नाही, लोखंड गाळताना निघणारी मळी आहे. फार पूर्वी इथं माणसं दगडापासून लोखंड काढत होती, आणि आमच्या घरात ती विद्या बापापर्यंत चालत आली.

"मंग अडचन काय हाये?" मी विचारलं. त्यांच्यासारखं बोलायचा माझा तो पहिला प्रयत्न, आणि भाभी तोंडावर पदर धरून आत गेल्या.

अडचण अशी होती की शेताकडं जाणारा पांदण रस्ता पावसाळ्यात गुडघाभर चिखलाचा होतो, आणि तो भरायला ग्रामपंचायतीला हा ढीग आयता सापडला होता. देवाजीभाऊ आडवे पडले. सरपंचबाई म्हणाल्या, दगडाचं लोखंड करून दाखवा, ढिगाला हात लावणार नाही. भाऊंनी दिवाळीत भट्टी लावली, फसली. संक्रांतीला लावली, फसली. गाव पोट धरून हसलं. आता रविवारी ग्रामसभा होती, आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टर लागणार होता.

"म्हून तुले बलावलं," शकूर म्हणाला. "तू भट्टीवाला हायेस."

माझी छाती तिथंच दोन इंच फुगली.

दगडांचं रिंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूरच्या मोटारसायकलवरून निघालो. धान कापून झालेलं, बांध्या म्हणजे भाताची खाचरं कोरडी, आणि मधेमधे पळस पेटलेला. आपल्याकडं शेतात उसाची भिंत असते, पलीकडचं काही दिसत नाही. इथं बांधीच्या पलीकडं बांधी, तिच्या पलीकडं तळं आणि मग जंगल, असं सगळं मोकळं दिसतं. जंगलाच्या वाटेवर मात्र शकूर गाडी थांबवायला तयार नव्हता. लघवीला लागली म्हटलं तर म्हणाला, "दाबून धर. काल इथी पट्टेदार दिसला."

देवाजीभाऊ सत्तरीला टेकलेले, हाडं मोजून घ्यावीत असे सडपातळ, आणि बोलायला भारी कंजूष. आधी त्यांनी मला रिंगणाकडं नेलं. कमरेइतके दगड गोलात मांडलेले, मधे बारीक गोट्यांचा उंचवटा. अशी पंचवीस-तीस रिंगणं झुडपांत पसरलेली. अभ्यासक लोक म्हणतात, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी माणसं आपले मेलेले असे पुरायची आणि सोबत कुऱ्हाडी, घोड्याच्या लगामाच्या कड्या, मडकी ठेवायची. कोण होते, काय बोलायचे, कुठं गेले, काही ठाऊक नाही. एवढे दगड कुठून आणि कसे आणले तेही कोडंच. मी एका दगडाला खांदा लावून बघितला. माझा खांदा अजून दुखतो.

मग ढीग. मी एक खडा उचलला आणि उजेडाकडं धरला. अंगावर ओघळ असलेला, काचेसारखा काळा, हातात जड. अशी मळी मी आयुष्यभर भट्टीतून काढून फेकलीय. शंकाच नव्हती. ज्या काळात माणूस काय करत होता याची आपल्याला नीट कल्पना नाही, त्या काळात इथं माझ्या धंद्यातला कुणीतरी घाम गाळत उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. शकूरनं बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

"मळीच हाय ही, भाऊ," मी म्हणालो. "कुणाच्या बापाची हिंमत न्हाई हिला राख म्हणायची."

देवाजीभाऊ पहिल्यांदा हसले. "माहा बापबी असाच बोले," ते म्हणाले. "लोक त्याले थापाड्या म्हणत. मेला तवाबी म्हणत."

तेव्हा मला कळलं की त्यांचा जीव रस्त्यात किंवा ढिगात नुसता अडकलेला नव्हता. बाप खोटं बोलत नव्हता, एवढं त्यांना मरायच्या आधी गावाला दाखवायचं होतं.

माझी अक्कल

भाऊंच्या अंगणात छातीइतकी मातीची भट्टी उभी होती. मातीत धानाचं तूस कालवून केलेली, खाली एका बाजूला वाऱ्याची नळी, दुसऱ्या बाजूला मळी वाहायला भोक. टेकडीवरचे लालसर काळे दगड त्यांनी महिनाभर गोळा करून भाजून सुपारीएवढे फोडून ठेवले होते. पडलेल्या लाकडांचा कोळसाही स्वतः पाडला होता. माल दोन भट्ट्या होतील एवढाच होता.

वाऱ्यासाठी त्यांच्या बापाचा पायभाता होता. जमिनीत रोवलेली दोन लाकडी भांडी, वर कातडं, कातड्याच्या मधे भोक. भोकावर टाच ठेवून दाबायचं की वारा नळीतून भट्टीत. पाय उचलला की वाकवलेला बांबू दोरीनं कातडं वर ओढतो. मग दुसरा पाय. पण कातडं कुजून त्याची चाळण झालेली. दिवाळीत आणि संक्रांतीला वारा पुरला नाही, दगड अर्धेकच्चे राहिले, ते त्यामुळंच.

मी तिथल्या तिथं निदान केलं. वारा कमी पडतोय ना? शकूर, तुझा विजेचा पंखा आण. देवाजीभाऊ म्हणाले, "पंख्याचा वारा दम घेत नाई जी. भट्टीले दम घ्या लागते." मी म्हटलं, भाऊ, चाळीस वर्षं. ते बिचारे बाजूला झाले. पाहुण्याला काय बोलायचं?

तिसऱ्या दिवशी पंखा लावला आणि भट्टी अशी गरजली की कुत्री पळाली. दुपारी मळी वाहिली आणि मागून पांढराशुभ्र रस आला. मी अंगणात उडी मारली, या वयात. म्हटलं, बघा, लोखंड वाहतंय. गार झाल्यावर हातभर चकचकीत लादी निघाली. शकूरनं पेढे आणायला माणूस पाठवला.

देवाजीभाऊंनी लादीचा तुकडा तापवून ऐरणीवर ठेवला आणि घण मारला. त्याचे चार तुकडे झाले. दुसरा तुकडा घेतला, त्याचाही चुरा झाला. घण खाली ठेवून ते म्हणाले, "हे बीड हाये, भाऊ. बीड ओताले बरं. याची कुऱ्हाड नाई होत."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर मी बीडच ओतलं होतं. वितळून वाहतं तेच लोखंड, असं माझं गणित. पण ठोकायचं लोखंड या भट्टीत वितळतच नाही. ते मळीतून वेगळं होतं आणि तळाशी गोळा होऊन बसतं. त्याला मंद, एका लयीचा वारा लागतो. माझ्या पंख्यानं ते जास्त पेटवून बीड करून टाकलं होतं. माझ्या शहाणपणापायी एका भट्टीचा माल वाया गेला होता, आणि आता एकाच भट्टीपुरता उरला होता. पेढे आले तेव्हा खायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. मी रात्री भाताला नाही म्हणालो, तर शकूरच मला ओरडला.

वैनगंगेपलीकडं

सकाळी मी भाऊंना विचारलं, बापाच्या वेळी भात्यावर कोण असायचं? ते जमिनीकडं बघत म्हणाले, "माही मोठी बहीण. बायजा. म्या दगड टाको, ते भाता चालवे. वारा तिलेच समजे."

"मग बाई हायेत कुठं?"

"हाये. नदीपार, चामोर्शीकडं. पण तिले नाई आणता येत."

आम्ही दोघं तरी तसेच निघालो, आणि का आणता येत नाही ते शकूरनं वाटेत सांगितलं. गोंडांमध्ये घराण्याचे देव मोजलेले असतात. देवाजीभाऊंचं घर सहा देवांचं. बायजाबाई सात देवांच्या घरात दिलेल्या. लग्न झालं की बाईचे देव बदलतात, आणि बापाच्या भात्याला पूजा लागते, तर त्यावर सहा देववाल्याचाच पाय पडायला हवा. म्हणून गेली पन्नास वर्षं बायजाबाई माहेरी येतात, जेवतात, जातात, पण भात्याच्या खोलीत शिरत नाहीत. आणि दोनदा भट्टी फसली तरी भावानं त्यांना हाक मारली नाही.

वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. नदी एवढी रुंद की आमची पंचगंगा तिच्या एका काठावर मावेल. बायजाबाई अंगणाशेजारच्या पडवीत ढेकीवर उभ्या होत्या. ढेकी म्हणजे भात कांडायचं पायाचं लाकडी यंत्र. गिरणी गावात आलीय, पण घरच्या पुरता तांदूळ त्या अजून ढेकीवरच कांडतात. आम्ही बोलत होतो आणि त्यांचा पाय चालतच होता. धप, मग एक श्वास, मग धप. मी घड्याळ काढून बघितलं. चुकत नव्हता.

गावाबाहेरच्या विहिरीवर त्या आम्हाला पाणी प्यायला घेऊन गेल्या, आणि तिथं मी थबकलो. मोहाच्या झाडाखाली उभे दगड. ओळीनं, काही कमरेइतके, काही डोक्याच्या वर. परवा बघितलेल्या दगडांचे सख्खे भाऊ. मी हलक्या आवाजात विचारलं, हे किती हजार वर्षांचे?

"हा माह्या सासऱ्याचा," बायजाबाई म्हणाल्या. "हा चुलतसासऱ्याचा. अन् हा माह्या मालकाचा. तवा गावानं दगड आणला टेकडीवरून. बांबूच्या काठ्या लावल्या, वीस माणसं खांद्याले लागले. दोन दिवस जेवण होतं."

मी मुकाट्यानं खांदा चोळला. ज्या कोड्यावर शहाणीसुरती माणसं पुस्तकं लिहितात, त्याचं उत्तर या बाईला पाठ होतं, कारण तिनं त्या वीस माणसांना वाढलं होतं. आमच्याकडं समाधी बांधतात, वर फरशी, फरशीवर नाव. इथं दगडावर काहीच लिहिलेलं नाही, तरी प्रत्येक दगड कुणाचा ते गावाला माहीत. त्या दिवसापासून मला रिंगणांतली माणसं परकी वाटेनाशी झाली.

परत अंगणात आल्यावर बायजाबाईंनी भट्टीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "देवाजी बलावत नाई, अन् म्या आपल्या मनानं कशी येऊ?"

"बापाचा भाता तसाही कुजला हाये," शकूर म्हणाला. "म्या नवा बांधून राह्यलो, बकऱ्याच्या कातड्याचा."

त्या एकदम ताठ झाल्या. "नवा?" त्यांनी विचारलं. "पूजा झाली का त्याची?"

"अजून तं बांधलाबी नाई."

"करू नको," त्या म्हणाल्या, आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

नवा भाता

पाचवा दिवस शकूरचा. मूल गावातून कमावलेलं कातडं आणलं, लाकडी भांडी तासून घेतली, आणि लेथवर काम करणारा माणूस अंगणात मांडी घालून सुईदोऱ्यानं भाता शिवत बसला. मी आणि देवाजीभाऊंनी भट्टी तूस-मातीनं पुन्हा लिंपली. मला वाटलं होतं भाऊ माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी माझ्याकडून चिखल मात्र भरपूर मळून घेतला.

संध्याकाळी भाता तयार झाला. बायजाबाई ओट्यावर बसलेल्या. भाऊ हळद, तांदूळ घेऊन पूजेला उठले, तशी त्या म्हणाल्या, "थांब."

"काऊन?"

"बापाचा भाता सहा देवाचा होता. लगन झाल्यावर त्याले म्या कधी पाय लावला नाई, लावनारबी नाई. पण हा बापाचा नाई. हा शकूरभाऊनं बांधला. याचे देव अजून कोणी मोजले नाई. उद्या याच्यावर पाय ठेवला तं कोनाचा नियम मोडते, सांग."

भाऊ ताट हातात घेऊन उभेच राहिले.  माझ्या पंख्यानं वाया घालवलेला सगळा माल त्या एका उत्तरावर परत येणार होता, नाहीतर कायमचा जाणार होता. भाऊंनी शकूरकडं बघितलं. शकूर म्हणाला, "माह्यापासून देव मोजाल तं एकच भरन, भाऊ."

आधी बायजाबाई हसल्या, मग भाऊ. असे हसले की हळद सांडली. मग त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि बहिणीला म्हणाले, "पहाटे उठवशीन मले."

रविवार

उजाडताना भट्टी पेटली. बायजाबाईंनी पदर खोचला, वरच्या बांबूला हात धरला आणि चालू लागल्या. जागच्या जागी चालणंच ते. डावी टाच, श्वास, उजवी टाच, श्वास. भट्टी गरजली नाही. माणूस गाढ झोपेत घेतो तसा दम घेत राहिली. देवाजीभाऊ वरून एक टोपली कोळसा, एक ओंजळ दगड, असं टाकत होते. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, आणि तरी तिचा पाय मंदावला की तो कोळसा टाकायचा हात आखडायचा. पन्नास वर्षांत विसरले नव्हते.

बायजाबाईंना दम घेता यावा म्हणून मी मधे भात्यावर चढलो. सातव्या पावलाला माझी टाच भोकावरून घसरली, बांबूनं कातडं वर ओढलं, आणि मी शेणाच्या पाटीत बसलो. तोवर जमलेल्या सगळ्या गावानं ते बघितलं. भाऊंची सून पुढं झाली, तिला जमलं. ढेकी कांडणाऱ्या बाया एकेक करून येत गेल्या आणि सगळ्यांना जमलं. पुरुष एकही टिकला नाही.

दुपार झाली. मळी वाहत होती, काळी, ओघळ सोडत. लोखंड काही दिसेना. ग्रामसभा त्या अंगणातच भरलेली. सरपंचबाई खुर्चीत, चेहऱ्यावर काही कळू न देता. माझं जुनं डोकं पुन्हा उठलं. मी म्हटलं, भाऊ, वारा वाढवा, अजून काहीच वाहत नाही.

"मगदूमभाऊ," बायजाबाई भात्यावरूनच म्हणाल्या, "तुमी बसा."

मी बसलो.

ऊन कलल्यावर त्यांनी पाय थांबवला आणि कान दिला. मलाही ऐकू आलं, भट्टीच्या पोटात वारा अडखळत होता, तळाशी काहीतरी बसलं होतं. "झालं," त्या म्हणाल्या. भाऊंनी भट्टीचा पायथा फोडला. आता मात्र माझं काम होतं. लांब सांडशी घेऊन मी आत वाकलो, पाचव्यांदा भुवया जाळल्या, आणि नारळापेक्षा मोठा, भोकाभोकांचा, लालभडक गोळा ओढून बाहेर काढला. सांगतो, दिसायला अगदी भिकार होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हा तं दगडच हाये."

भाऊंनी लाकडी हातोड्यानं हळूहळू थोपटला. मळीचे थेंब उडाले, लोक मागं सरले. पुन्हा तापवला, पुन्हा थोपटला. मग ऐरणीवर ठेवला आणि माझ्या हातात घण दिला. "तुमी मारा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमचं फुटलं, आज तुमीच पाहा."

 मी मारला. फुटलं नाही. दाबलं गेलं, कणकेसारखं. पुन्हा मारला, लांबलं. शकूरनं मारला. घणाचा आवाज बदलत गेला, आधी भद्द, मग टणक, आणि शेवटी असा खणखणीत की त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. तासाभरात वीतभर पट्टी झाली. भाऊंनी ती वाकवली, सरळ केली, परत वाकवली आणि सरपंचबाईंच्या पायाशी ठेवली.

"माहा बाप थापाड्या नोहता," ते म्हणाले. आणि मग सत्तर वर्षांचा तो माणूस सगळ्या गावासमोर रडला. बायजाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या दोन्ही टाचा सुजून लाल झाल्या होत्या.

अंगणात कुणीही हसलं नाही. मग एका म्हाताऱ्यानं पागोटं सावरलं आणि "नोहता बाप्पा, नोहता," असं म्हणाला, आणि एकदम टाळ्या पडल्या. मी आमच्या कारखान्यात हजारो टन माल ओतलाय, कुणी टाळी वाजवली नव्हती.

सरपंचबाई उठल्या. म्हणाल्या, रस्त्याचा मुरूम तलावाच्या पलीकडून आणू, लांब पडते पण आणू. ढीग राखायचा अर्ज उद्याच वर पाठवू, आणि अर्जासंग ही पट्टी दाखवू. ग्रामसभेचे हात वर झाले, एकूण एक. मी पाहुणा, तरी माझाही हात वर होता. शकूरनं तो खाली ओढला.

मग एक गोष्ट राहिली होती, ती बायजाबाईंना सुचली. भट्टीतली आजची मळी गार झाली होती. ती टोपलीत भरली, आणि सगळं गाव वरात निघाल्यासारखं रिंगणांकडं चालू लागलं. टोपली सरपंचबाईंच्या डोक्यावर होती. त्यांनी ती राक्षसाच्या राखेवर पालथी केली. खडे खुळखुळत खाली आले आणि थांबले. उद्या जो ढीग निम्मा होणार होता, तो एका टोपलीनं वाढला.

मी म्हटलं, भाऊ, एक खडा आठवण म्हणून नेतो.

"न्या," देवाजीभाऊ म्हणाले. "आजचा न्या. जुन्याले हात नका लावू."

मी खाली बसलो. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तोच ओघळ, तीच चकाकी, तेच वजन. चाळीस वर्षांचा फोरमन, डोळ्याला चष्मा लावून, उन्हात धरून बघत होतो. आजचा कोणता आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा कोणता, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. म्हणून रिकाम्या हातानं परत आलो.